पायीं चालणारांचा रस्ता
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवळाच्या स्थापनेचा इतिहास, येथें राबून गेलेल्या पाद्रीबाबांचें स्मरण, शाळेची भरभराट, असे विषय अधिक शोभले असते हें आम्ही जाणतों. ते विषय आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं घेतले आहेत, व त्यांच्या हातीं ते सुरक्षित आहेत. आमच्या वांट्यास आलेला विषय देवळाच्या शेवटच्या पायरीखालीं सुरू होतो. मिस्सा आटोपल्यावर आपण ज्या रस्त्यावर पाऊल ठेवतों त्या रस्त्याविषयीं, आणि असे रस्ते निर्धोक व्हावेत म्हणून साध्या प्रपंची माणसांनीं ठिकठिकाणीं जे यत्न केले त्यांविषयीं, आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

हें देऊळ ज्यांनीं बांधलें ते बहुतेक सारे पायींच येथें येत. त्यानंतर काळ पालटला असें आपण म्हणतों. पण तितकासा पालटलेला नाहीं. मुंबई महानगराच्या वाहतुकीची जी मोठी पाहणी २००८ सालीं पुरी झाली, तींत लोकांच्या एकंदर फेऱ्यांपैकीं निम्म्याच्या आसपास फेऱ्या केवळ पायीं होतात असें आढळून आलें. शिवाय आगगाडीनें किंवा बसनें जाणारा मनुष्य स्टेशनापर्यंत व थांब्यापर्यंत पायींच जातो. असें असतां शहरांतील रस्ता पाहिला कीं वाटतें, तो मोटारीसाठीं केलेला असून चालणारास त्यावर मेहेरबानी म्हणून वावरूं दिलें जात आहे. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारीं होतीं. म्हणजे दररोज सुमारें ९०. एवढीं माणसें एके दिवशीं एकाच आगगाडींत दगावलीं असतीं, तर साऱ्या देशांत हाहाकार उडाला असता. हीं मात्र एकेक करून, निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या वेळीं जातात, आणि बातमी चार ओळींची होते.

प्रथम एका शब्दाविषयीं. आपल्या भाषेंत अपघात ‘होतो’. तो कोणी ‘करीत’ नाहीं. वीज पडावी, पूर यावा, तसा तो येतो, आणि ज्यावर येतो त्याच्या दैवास बोल लावून मंडळी घरीं परततात. फार झालें तर मेलेल्याचीच चूक निघते: ओलांडतांना त्यानें पाहिलें नाहीं, म्हातारी फार हळू चालत होती, पोरानें आईचा हात सोडला. हे तीनहि दोष खरे असूं शकतील. परंतु सात वर्षांच्या पोरानें आईचा हात क्षणभरहि सोडूं नये, अशी अट जो रस्ता घालतो, तो माणसांच्या वस्तींतून जाण्यास योग्य आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्या ज्या ठिकाणीं लोकांनीं तो विचारला, तेथें काय घडलें तें आतां सांगतों.

पहिली हकीकत हरलेल्यांची आहे. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं १९२३ सालीं ४२,००० नागरिकांनीं एका अर्जावर सह्या केल्या. मागणी अशी कीं, शहरांत चालणाऱ्या प्रत्येक मोटारीस असें यंत्र बसवावें कीं तिचा वेग ताशीं २५ मैलांपलीकडे, म्हणजे सुमारें ४० किलोमीटरांपलीकडे, जाऊंच नये. त्या काळीं अमेरिकेंतील शहरांत मोटारीखालीं मुलें मरण्याचें प्रमाण इतकें वाढलें होतें, कीं मोटार ही रस्त्यावर घुसलेली परकी वस्तु आहे, अशीच सामान्य लोकांची समजूत होती. प्रश्न मतास पडला. मोटारींचे व्यापारी एकवटले, त्यांनीं पैसा ओतला, आणि ठराव साफ पडला. आमच्या मतें पुढची गोष्ट त्याहूनहि अधिक लक्षांत घेण्याजोगी आहे. तिकडच्या बोलींत ‘जे’ म्हणजे अडाणी खेडवळ. वाटेल तेथें रस्ता ओलांडणारास ‘जेवॉकर’, म्हणजे शहरांत चालावें कसें हें न कळणारा गांवढळ, असें म्हणण्याचा प्रघात त्याच दशकांत मोटार-धंद्यांतील मंडळींनीं नेटानें पसरविला. शब्द त्यांनीं निर्माण केला नव्हता. वापर मात्र त्यांचा. हजारों वर्षें रस्त्यावर हक्कानें चालत आलेला मनुष्य दहा-बारा वर्षांत तेथला आगंतुक ठरला, व त्याला मारणारें वाहन घरधनी झालें. पुढें कायदेहि त्याच बोलीला अनुसरून झाले.

दुसरी हकीकत हॉलंडची. आज त्या देशाचें नांव घेतलें कीं सायकली, शांत गल्ल्या, दारापुढें खेळणारीं मुलें हें चित्र डोळ्यांपुढें येतें, आणि आपल्यांतील शहाणे म्हणतात, ‘त्या लोकांचा स्वभावच तसा.’ हें मुळींच खरें नव्हे. १९५० नंतरच्या वीस वर्षांत हॉलंडमध्येंहि मोटारींचा पूर आला. १९६७ सालीं अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या वस्त्या पाडून तेथून मोठे मोटाररस्ते न्यावेत, अशी योजना जोकिनेन नांवाच्या अमेरिकन इंजिनियरानें मांडली होती. चौक मोटारी उभ्या करण्याचीं आवारें बनले होते. सव्वा कोटाहून अधिक लोकवस्तीच्या त्या चिमुकल्या देशांत १९७१ सालीं रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं.

त्यांतील एक मुलगी, वय सहा वर्षांचें, ब्रॅबंट प्रांतांत शाळेच्या वाटेवर मोटारीखालीं सांपडली. तिचे वडील व्हिक लांगेनहॉफ हे वृत्तपत्रकार होते. ज्या पत्रांत ते लिहीत तें ‘डे टाइट’ हें १८४५ सालीं कॅथलिकांनीं काढलेलें जुनें पत्र. त्याच्या नांवाचा अर्थ ‘काळ’. आपल्याकडील शिवरामपंत परांजप्यांच्या पत्राचेंहि नांव तेंच होतें, याची येथें सहज आठवण झाली. सप्टेंबर १९७२ मध्यें लांगेनहॉफ यांनीं आपल्या पत्रांत एक लेख लिहिला. त्याचा मथळा होता, ‘मुलांची हत्या थांबवा’. ‘अपघात टाळा’ नव्हे, ‘मुलांनो, जपून चाला’ नव्हे; हत्या. ज्या गोष्टीस सारा देश दैवगति म्हणत होता, तिला त्या पित्यानें कर्ता दिला. कर्ता म्हणजे एकटा मोटार हांकणारा नव्हे. वेगासाठीं रस्ते रुंद करणारें सरकार, तसे नकाशे काढणारे इंजिनियर, आणि दरवर्षीं चारशें मुलें जातात ही किंमत मुकाट्यानें मोजणारा समाज, हे सर्व त्यांत आले.

लेख वाचून आईबाप पुढें आले व त्याच मथळ्याच्या नांवानें एक संघ उभा राहिला. त्याच्या पहिल्या अध्यक्षा मार्ट्ये व्हान पुटेन या अ‍ॅमस्टरडॅममधील एक तरुण आई होत्या. पुढें त्या युरोपच्या पार्लमेंटांत निवडून गेल्या. त्यांच्या चळवळीची रीत आम्हांस फार आवडते. जेथें माणसें मेलीं होतीं त्या जागा या मंडळींनीं अडवून धरल्या. कांहीं गल्ल्या एखाद्या दिवसापुरत्या बंद करून त्यांत मुलांस खेळूं दिलें. रस्त्यावर मेजें मांडून शेजाऱ्यांची पंगत बसविली. मुख्य प्रधान योप डेन औल यांच्या घरीं सायकलींवरून जाऊन दारांत गाणीं म्हटलीं व मुलांसाठीं निर्धोक रस्ते मागितले. त्यांनींहि बाहेर येऊन ऐकून घेतलें. शिव्याशाप नाहींत, दगडफेक नाहीं. पण मागणी मात्र एक पाऊलहि मागें नाहीं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या डे पाइप नांवाच्या दाट कष्टकरी वस्तींत तर १९७२ सालीं मुलेंच पुढें झालीं. खेळावयास जागा नाहीं म्हणून त्यांनीं घरोघर फिरून सह्या गोळा केल्या व आपली गल्ली बंद करण्याचा यत्न केला. संतापलेल्या मोटारवाल्यांनीं अडसर उखडून टाकले. टेलिव्हिजनवाल्यांनीं हा सगळा प्रकार टिपला, व तो साऱ्या देशानें पाहिला. १९७३ च्या नोव्हेंबरांत तेलाची टंचाई पडली, तेव्हां सरकारनें कांहीं रविवारीं मोटारी बंद ठेवल्या. मोठ्या राजरस्त्यांवर लोक चाकांचे जोडे घालून हिंडले, आणि मोटारीवांचून शहर कसें लागतें याची चव आबालवृद्धांस कळली. टंचाई ही कोणाची पुण्याई नव्हती. परंतु लोकांची मागणी आधींच तयार होती म्हणून ती कामीं आली.

आतां मुद्द्याची गोष्ट. या आईबापांनीं मुलांस अधिक शिकवा, अधिक फलक लावा, अधिक दंड करा, एवढेंच मागितलें नाहीं. त्यांनीं रस्त्याचीच घडण बदला असें म्हटलें. डेल्फ्ट शहरांत याचा नमुना तयार होत होता. तेथें लोकांनीं मोटारींचा वेग मोडण्यासाठीं आपल्या गल्लीची फरसबंदी स्वतःच उखडली, असें सांगतात. त्यांतूनच पुढें ‘वूनएर्फ’ ही पद्धति निघाली. या शब्दाचा अर्थ ‘वस्तीचें अंगण’. अशा गल्लींत फुटपाथ व रस्ता अशी उंचसखल वांटणी नसते. वाट सरळ नसून वळणावळणांची असते, मध्यें झाड, बांक, फुलांची कुंडी येते. चालणारांस व खेळणारांस सगळी रुंदी मोकळी, आणि मोटारीनें माणसाच्या चालीनेंच जावयाचें. १९७६ सालीं त्यास कायद्यांत स्थान मिळालें. पद्धति खर्चाची होती, म्हणून सर्वत्र करतां आली नाहीं. १९८३ पासून सोपा उपाय आला. वस्तीच्या भागांत वेगाची मर्यादा ताशीं ३० किलोमीटर, व ती पाळली जावी म्हणून रस्त्यांत उंचवटे आणि चिंचोळीं तोंडें.

तीसच कां, याचें कारण पदार्थविज्ञानांत आहे. वेग दुप्पट झाला कीं धडकेंतील शक्ति चौपट होते, व ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारें अंतरहि चौपट. ताशीं ३० नें येणाऱ्या मोटारीची धडक बसलेला मनुष्य बहुधा जगतो. ५० च्या पुढें त्याची आशा झपाट्यानें कमी होत जाते. आणि ३० नें येणाऱ्या गाडीस, हात सोडून धांवलेलें तें पोर पाहून, बहुतेक वेळां थांबतांच येतें. माणूस चुकणारच, ही गोष्ट धरून जो रस्ता बांधला जातो, त्यावर चुकीची शिक्षा मृत्यु नसते. आम्हांस हें तत्त्व दयेचें वाटतें, पण तें आहे शुद्ध इंजिनियरिंगचें.

२०१० सालीं त्या देशांत रस्त्यांवर मेलेल्या मुलांची संख्या १४ होती. २०२३ सालीं लहानमोठे सर्व मिळून ६८४ मेले. सगळें श्रेय त्या एका संघास देणें अतिशयोक्ति होईल. गाड्या सुधारल्या, इस्पितळें सुधारलीं, आणि मुलें पूर्वींइतकीं बाहेर खेळत नाहींत हेंहि खरें. पण रस्त्याकडे पाहण्याची दृष्टि बदलली ती त्या आईबापांमुळें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. सिनसिनाटीचे लोकहि शहाणेच होते, संख्येनेंहि थोडे नव्हते. पण त्यांची लढाई एका निवडणुकीची होती, आणि ती हरल्यावर शब्द प्रतिपक्षाच्या हातीं गेले. डच आईबापांनीं शब्द सोडला नाहीं.

आतां आपल्या शहराकडे वळूं. येथेंहि एक पिता आहे. अंधेरीस भाजीचा धंदा करणारे दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा जुलै २०१५ मध्यें जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर खड्ड्यामुळें दुचाकीवरून पडून गेला. तेव्हांपासून हे गृहस्थ हातांत फावडें घेऊन शहरांतले खड्डे बुजवीत आले आहेत, शेकडों बुजविले. लांगेनहॉफ यांचे हातीं लेखणी होती, यांचे हातीं फावडें. दोघांच्या दुःखांत आम्हांस फरक दिसत नाहीं. फरक एवढाच कीं, त्या लेखणीमागें हजारों आईबाप उभे राहिले, आणि या फावड्याची आपण छायाचित्रें काढलीं.

चालणारासाठीं येथें कांहींच झालें नाहीं असें नाहीं. २०१४ च्या नोव्हेंबरांत वांद्रे ते सांताक्रूझ रविवारच्या सकाळीं रस्ते माणसांस मोकळे करण्याचा उपक्रम नागरिकांनीं चालविला. मार्च २०२२ मध्यें पोलिसांनीं मुंबईंत तसेच रविवार सुरू केले. पुण्यास डिसेंबर २०२१ मध्यें लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन झाला. लोक आनंदानें आले. पण हे सण झाले, नित्यनेम नव्हे. सोमवारीं रस्ता पुन्हां ज्याचा त्याचा. दुसरा उपाय स्कायवॉकचा. २००८ सालीं वांद्रे स्टेशनापासून कलानगराकडे पहिला स्कायवॉक झाला व मग त्यांचें पेवच फुटलें. रस्ता मोटारीस मोकळा राहावा म्हणून चालणारास आभाळांत चढविण्याची ही कल्पना ज्यास सुचली, त्याच्या घरीं गुडघे दुखणारी आई नसावी.

फुटपाथचा विषय निघाला कीं सगळा राग फेरीवाल्यावर निघतो. आम्हांस तें मान्य नाहीं. त्यांच्यासाठीं २०१४ चा कायदा आहे. त्यांना नेमून दिलेली जागा मिळाली तर चालणारासहि वाट मिळेल. आणि रात्रीं नऊ वाजतां कामावरून परतणाऱ्या मुलीस विचारा, ज्या गल्लींत शेंगावाल्याचा दिवा आहे ती बरी, कीं मोटारींची रांग असलेली निर्जन गल्ली बरी? फेरीवाला निदान बाजूस सरकतो. उभी केलेली मोटार सरकत नाहीं. रविवारीं या देवळासमोर ज्या मोटारी फुटपाथवर चढलेल्या दिसतात त्या परगांवच्या नसतात. त्यांचे धनी येथेंच, या मंडपांत, बसलेले आहेत, व ते आमचे मित्र असल्यामुळें रागावणार नाहींत.

१४ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, चालण्याजोगा फुटपाथ मिळणें हा पायीं चालणाराचा, व अपंगांचाहि, घटनेच्या २१ व्या कलमाखालील हक्क आहे. माप पूर्वींच ठरलेलें आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणें फुटपाथवर निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारें सहा फूट, वाट पूर्ण मोकळी हवी. आणि त्याची उंची १५० मिलिमीटर, म्हणजे वीतभरहि नव्हे, याहून अधिक नसावी. तेव्हां आपण जें मागणार तें उपकार नाहींत, नवें कांहीं नाहीं. लिहिलेलें आहे तेंच.

देवळानें यांत कां पडावें, असें कोणी म्हणेल. जून २००७ मध्यें व्हॅटिकनच्या एका परिषदेनें रस्त्यावरील आचरणासंबंधीं पत्रक काढलें व वाहन हांकणारांसाठीं दहा आज्ञा दिल्या. दुर्बळाचें रक्षण करावें अशी त्यांत एक आहे. पहिली मात्र आपणां सर्वांस पूर्वींपासून ठाऊक असलेलीच: खून करूं नको. त्या डच पित्यानें पस्तीस वर्षांपूर्वीं वापरलेला शब्द हाच नव्हता काय? तसेंच नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं जगभर रस्त्यावर मेलेल्यांचें स्मरण करतात. ही प्रथा १९९३ सालीं इंग्लंडांत ब्रिजिट चौधरी या पुत्रहीन झालेल्या मातेनें घातली, व २००५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं ती स्वीकारली. नोव्हेंबर हा आपला मृतात्म्यांचा महिना. त्या रविवारच्या मिस्सेंत आपल्या वस्तींतील रस्त्यावर गेलेल्यांचीं नांवें घेतलीं जावीत, अशी फादरांस आमची विनंति आहे. व तीं नांवें वेदीपाशीं वाचलीं गेल्यावर त्यांस कोणी ‘अपघात’ म्हणून विसरणार नाहीं.

आणि प्रत्यक्ष काम तर त्याआधींच सुरू करावें. देवळाच्या दारापासून नाक्यापर्यंतची वाट मोजून काढावयाची आहे. मोकळी रुंदी किती, पायरी किती उंच, दिवा कोठें बंद आहे, खांब कोठें आडवा येतो, शाळा सुटतांना अर्ध्या तासांत किती मुलें ओलांडतात व किती गाड्या थांबतात, हें सर्व वहींत उतरवून त्याचा नकाशा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसांत द्यावयाचा, व उत्तर येईपर्यंत दर महिन्यास पुन्हां जावयाचें. तोंडी तक्रारीस कारकून हंसतो. मोजलेल्या आंकड्यास त्याला पोंच द्यावी लागते.

येत्या रविवारीं पहिल्या मिस्सेनंतर आम्ही फाटकाशीं उभे राहूं. टेप व खडू आमचेकडे आहेत. वहीपेन्सिल घेऊन चार तरुणांनीं यावें. आणि ज्या आज्या संध्याकाळच्या नोव्हेनास येईनाशा झाल्या आहेत, त्यांपैकीं एकीस तरी कोणी हाताला धरून आणावें, कारण पाय नेमका कोठें अडतो तें त्यांनाच दाखवितां येईल.